जगाच्या बाजाराचा अंदाज स्वतः कसा बांधायचा, आणि चुकल्यावर काय करायचं

आधी एक मान्य करून टाकू, पुढच्या वर्षी जग किती टक्क्यांनी वाढणार याचा बरोबर आकडा कुणालाच सांगता येत नाही, ज्यांचा तो धंदा आहे त्यांनाही नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २००८ मध्ये सांगितलं होतं की २००९ साली जगाची अर्थव्यवस्था ३.८ टक्के वाढेल, आणि प्रत्यक्षात २००९ मध्ये ती वाढणं राहिलं बाजूला, उलट किंचित आकसली. बरं ही माणसं काही येडी नाहीत, अर्थतज्ज्ञांची फौज, देशोदेशी ऑफिसं, सरकारांकडून मिळणारे आकडे, सगळं हाताशी असतं. मग लॅपटॉप उघडून बसलेल्या एकट्या माणसाने या भानगडीत पडायचंच कशाला?

तर पडायचं, कारण आकडा बरोबर येणं हा यातला छोटा भाग आहे. धक्का कुठे बसला, तो कुठल्या वाटेने पुढे जाणार आणि पोचायला किती वेळ घेणार, हे ज्याला आधी उमगतं त्याचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी फार बिघडत नाही. मी बरीच वर्षं हा उद्योग हौसेने करतोय, वही ठेवून, आणि जे काही शिकलोय ते बहुतेक चुकूनच शिकलोय, तेच इथे लिहितोय.

प्रश्न नीट लिहा, नाहीतर उत्तर कधीच चुकणार नाही

"मंदी येणार का?" हा प्रश्नच नाही. कुठल्या देशात, कधीपर्यंत, आणि मंदी म्हणायचं कशाला? सलग दोन तिमाही जीडीपी घसरला की मंदी असं सगळे म्हणतात, पण अमेरिकेत मंदीच्या तारखा एनबीईआर नावाच्या संस्थेची एक समिती ठरवते आणि ती रोजगार, उत्पन्न, उत्पादन, विक्री असं बरंच काही बघते, आणि सावकाश बघते. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली हे त्यांनी जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, लीमन ही मोठी अमेरिकी गुंतवणूक बँक बुडून अडीच महिने झाल्यावर. उलट २०२२ च्या पहिल्या दोन्ही तिमाहीत जीडीपी घसरल्याचे आकडे आले, तरी समितीने मंदी म्हटलं नाही.

म्हणून प्रश्न असा लिहायचा की शेजाऱ्याने वाचला तरी हो की नाही हे त्याला ठरवता यावं. अमुक देशाचा अमुक तिमाहीचा जीडीपी, पहिल्यांदा जाहीर होईल तेव्हा, शून्याच्या खाली असेल का. बास. "जागतिक बाजारात अस्थिरता राहील" असलं वाक्य लिहिलंत तर तुम्ही आयुष्यभर बरोबरच राहाल, पण त्याला काही अर्थ नाही, अस्थिरता कधी नसते?

सगळ्यात आळशी अंदाज आधी काढा

काहीही विचार न करता काय येतं ते आधी लिहून ठेवायचं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत नाणेनिधीच्या मोजणीप्रमाणे जगाची सरासरी वाढ वर्षाला ३.७ टक्क्यांच्या आसपास होती, आणि कोविडनंतरचा धुरळा बसल्यावर गाडी ३.२-३.३ च्या जवळ रेंगाळतेय. हा झाला आळशी अंदाज. आता यापासून लांब जायचं असेल तर कारण द्यावं लागेल, आणि कारण "बातम्या फार वाईट येतायत" हे चालणार नाही, बातम्या नेहमीच वाईट येतात. गंमत म्हणजे नुसतं "गेल्या वर्षी होतं तेवढंच" म्हणणारा माणूस भल्याभल्या मॉडेलांना चांगली टक्कर देतो.

इथे नवीन लोक एका गोष्टीत हमखास फसतात. जानेवारी २०२५ मध्ये नाणेनिधीने त्या वर्षासाठी ३.३ टक्के सांगितले आणि जागतिक बँकेने २.७, लगेच लोकांनी दोघांत मतभेद म्हणून पोस्टी टाकल्या. मोठा फरक वजनाचा आहे हो. नाणेनिधी देशांना क्रयशक्तीप्रमाणे, म्हणजे तिथल्या पैशात तिथे किती माल येतो ते बघून, वजन देतो, त्यामुळे वेगाने वाढणारे चीन-भारतासारखे देश त्यात मोठे दिसतात, आणि जागतिक बँकेचा मथळ्यातला आकडा बाजारातल्या विनिमय दराने काढलेला असतो, त्यात अमेरिका-युरोपचं पारडं जड. दोन्ही बरोबर, फक्त एकमेकांतून वजा करायचे नाहीत.

तसंच अमेरिकेचा तिमाही आकडा वार्षिक दराने सांगतात, म्हणजे तीन महिन्यांत साधारण अर्धा टक्का वाढ झाली तर मथळ्यात दोन टक्के येतात, आणि युरोपचा बहुतेक वेळा तिमाहीवर तिमाही तसाच देतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी अमेरिका युरोपच्या चौपट पळतेय म्हणालं की समजायचं याने खालची बारीक अक्षरं वाचलेली नाहीत.

कुठले आकडे बघायचे

जीडीपी हा आरशातला आकडा आहे, मागचं दाखवतो. तिमाही संपल्यावर महिनाभराने येतो आणि मग वर्षानुवर्षं बदलत राहतो. त्याच्या आधी येणारे तीन-चार आकडे मी बघतो, जास्त नाही, जास्त बघितले की डोकं गरगरतं आणि आपल्याला हवा तोच आकडा आपण उचलतो.

पहिला दक्षिण कोरियाच्या निर्यातीचा. महिन्याच्या पहिल्या २० दिवसांची निर्यात ते लोक साधारण २१ तारखेला जाहीर करून मोकळे होतात, इतक्या लवकर आकडे देणारे देश जगात फार थोडे. आणि कोरिया विकतो काय तर चिप, गाड्या, जहाजं, रसायनं, म्हणजे जगभरच्या कारखान्यांना जे लागतं ते. फक्त एक बघायचं, कामाचे दिवस किती होते. चांद्र नववर्षाची सुट्टी एखाद्या वर्षी जानेवारीत येते तर दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, त्यामुळे या दोन महिन्यांचे आकडे उड्या मारतात, दिवसामागे सरासरी काढा नाहीतर दोन्ही महिने एकत्र बघा.

दुसरा पीएमआय. कंपन्यांच्या खरेदी विभागातल्या माणसांना विचारतात की गेल्या महिन्यापेक्षा ऑर्डर वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या, ५० च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट. पण मथळ्यावर थांबू नका, आत शिरा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत आयएसएम नावाची संस्था काढते तो कारखान्यांचा पीएमआय ४१.५ आला, आणि लोक म्हणाले अरे वाटलं होतं तेवढं वाईट नाही. आत उघडून बघितलं तर नवीन ऑर्डर २७.१, उत्पादन २७.५, रोजगार २७.५, म्हणजे सगळं झोपलेलं, आणि एकटा माल पोचायला लागणाऱ्या वेळाचा आकडा ७६. नेहमीच्या दिवसात माल उशिरा पोचतोय म्हणजे पुरवठादारांकडे गर्दी आहे, मागणी जोरात आहे, म्हणून उशीर ही चांगली खूण धरलेली असते. इथे उशीर झाला होता कारण कारखाने बंद होते. सूत्राला ते कसं कळणार, त्याने सरासरी काढली आणि मथळा सावरून धरला.

तिसरा जहाजाच्या भाड्याचा. बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे कोळसा, लोहखनिज, धान्य असला सुटा माल नेणाऱ्या जहाजांचं भाडं, तो २० मे २००८ ला ११,७९३ वर होता आणि त्याच वर्षी डिसेंबरात ६६३ वर आला. हे बघून कुणालाही वाटेल की अंदाज बांधायला एवढा एक आकडा पुरे. पण भाडं दोन गोष्टींवर ठरतं, माल किती आहे आणि जहाजं किती आहेत. तेजीच्या वर्षात मागवलेली जहाजं बांधून व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, ती २००९ नंतर पाण्यात उतरत राहिली आणि व्यापार सावरला तरी भाडी पडूनच राहिली. भाडं खाली म्हणजे मंदी असं तेव्हा ज्यांनी धरलं त्यांनी बऱ्याच मंद्या बघितल्या ज्या आल्याच नाहीत.

आणि अमेरिकेच्या सरकारी बाँडचा यील्ड कर्व्ह, म्हणजे दोन वर्षांच्या बाँडवरचं व्याज दहा वर्षांच्या बाँडपेक्षा जास्त झालं, कर्व्ह उलटा झाला, की मंदी येते म्हणतात ते. २००६ मध्ये उलटा झाला, पुढे काय झालं ते माहितीच आहे. २०२२ च्या जुलैपासून २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, दोन वर्षांहून जास्त, तो उलटाच होता आणि अमेरिकेत मंदी काही आली नाही. मी अजूनही बघतो, पण आता त्याच्यावर घर बांधत नाही. शेअर बाजाराबद्दल तर अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसनने १९६६ मध्येच चेष्टा करून ठेवलीय, की गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ बाजाराने आधीच ओळखल्या होत्या.

आता मुख्य काम, वाट ओळखायची

जागतिकीकरण म्हटलं की लोक लगेच चांगलं की वाईट यावर भांडायला लागतात. अंदाज बांधणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला एवढंच बघायचंय की एका देशातलं दुखणं दुसऱ्या देशात जातं कसं. माझ्या मते चार वाटा आहेत, माल, पैसा, भाव आणि भीती, आणि प्रत्येकीचा वेग वेगळा.

मालाची वाट हळू आहे, आठवडे-महिने लागतात, पण खोल जाते. २००९ मध्ये जगाचा जीडीपी किंचितच घटला आणि मालाचा व्यापार मात्र सुमारे १२ टक्के पडला. एवढा का? कारण एकच वस्तू बनताबनता अनेक सीमा ओलांडते आणि प्रत्येक वेळी व्यापारात मोजली जाते. २००९ च्या आयफोनचा हिशोब अभ्यासकांनी मांडला होता, फोन चीनमधून निघताना १७९ डॉलरच्या जवळपास खर्चाचा, आणि त्यात चीनमधल्या जोडणीचा वाटा फक्त साडेसहा डॉलर, बाकी सुटे भाग जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका असे कुठून कुठून आलेले. आकडेवारीत मात्र अख्खा फोन चीनची निर्यात. आता एक फोन कमी विकला गेला की किती सीमांवरचा व्यापार कमी झाला मोजा. त्यात दुकानदार घाबरून आधी गोदामातला माल संपवतो, नवीन ऑर्डर देतच नाही, त्यामुळे साखळीत जितकं मागे जाल तितका फटका मोठा होत जातो.

म्हणून मालाच्या वाटेवर एकच प्रश्न विचारायचा, अडकलेल्या वस्तूला दुसरा पुरवठादार आहे का. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला आणि जगभर हार्ड डिस्क महाग झाल्या, कारण हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिथल्या त्या बुडालेल्या पट्ट्यात होते. थायलंडचा जीडीपी बघून हे कुणाला कधीच कळलं नसतं. देश छोटा की मोठा हे बघू नका, त्याच्याकडे असं काय आहे जे दुसरीकडे मिळत नाही ते बघा.

उलट कधीकधी फार गाजावाजा होतो आणि परिणाम त्यामानाने थोडा. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस, जगाचा सुमारे १२ टक्के व्यापार ज्या वाटेने जातो ती बंद. पण सहा दिवसांचा उशीर होता, माल नष्ट झाला नव्हता. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या शेवटापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली ते प्रकरण जास्त लांबलं, भाडी कितीतरी पट झाली, तरी २०२४ मध्ये श्रीमंत देशांतली महागाई एकूण खालीच येत राहिली. नाणेनिधीच्या अभ्यासकांनी १४३ देशांचे आकडे घेऊन काढलंय की जहाजाचं भाडं दुप्पट झालं तर महागाई साधारण ०.७ टक्के-बिंदूंनी वाढते आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर लागतं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे, टीव्हीवर अडकलेलं जहाज दाखवत असतील तेव्हा कामाला येतो.

पैशाची वाट मात्र विजेची. २ जुलै १९९७ ला थायलंडने आपलं चलन, बाहत, बांधलेल्या दरातून मोकळं सोडलं आणि वर्ष संपेपर्यंत इंडोनेशिया, मलेशिया, कोरिया सगळे होरपळले. २२ मे २०१३ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, तेव्हाचे प्रमुख बर्नान्के नुसते बोलले की बाजारात पैसा ओतणारी बाँडखरेदी हळूहळू कमी करायचा विचार येत्या काही बैठकांत होऊ शकतो, काही केलं नव्हतं, फक्त बोलले, आणि ब्राझील, भारत, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका या पाच देशांची चलनं गडगडली. हेच पाच का? कारण त्यांची चालू खात्यातली तूट, म्हणजे परदेशातून मिळणाऱ्या कमाईपेक्षा परदेशाला जाणारा पैसा जास्त, मोठी होती, ती भरायला बाहेरचा पैसा रोज लागत होता. तेव्हा या वाटेवर तीन गोष्टी तपासायच्या: चालू खात्याची तूट किती, डॉलरमधलं कर्ज किती आणि त्यातलं वर्षभरात फेडायचं किती, आणि परकीय गंगाजळी त्याला पुरेल का. या तिन्हीत जो देश अशक्त तो पहिला पडतो, धक्का कुठूनही येऊ दे.

भावाची वाट समजायला सोपी, तेल-गहू-तांबं महागलं की जो विकत घेतो तो रडतो आणि जो विकतो तो हसतो, एकाच बातमीने दोन देश उलट्या दिशेला जातात. यावर जास्त लिहीत नाही, फक्त वस्तूचा डॉलरमधला भाव आणि डॉलरचा स्वतःचा भाव हे दोन्ही बघा, कारण तेल तेवढंच राहून डॉलर चढला तरी खरेदीदाराला महागाई बसतेच.

भीतीच्या वाटेचं काही खरं नसतं. ५ ऑगस्ट २०२४ ला जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई एका दिवसात १२.४ टक्के पडला, १९८७ नंतरची सगळ्यात मोठी घसरण, आणि दुसऱ्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त वर. जपानच्या मध्यवर्ती बँकेने काही दिवस आधी व्याज वाढवून नेलं होतं ०.२५ टक्क्यावर, पाव टक्का! पण स्वस्त येन उधार घेऊन जगभर गुंतवलेला पैसा एकदम परत निघाला, त्यात अमेरिकेतला रोजगाराचा आकडा वाईट आला. तो सोमवार मी विसरणार नाही, संध्याकाळपर्यंत मी वहीत तीन अंदाज बदलले आणि मंगळवारी तिन्ही परत फिरवले. तेव्हापासून नियम केलाय, बाजार तीन टक्क्यांहून जास्त हलला त्या दिवशी वही उघडायची नाही.

मॉडेल सांगतंय ते कशामुळे, हे उलगडता आलं पाहिजे

२०२५ च्या सुरुवातीचा किस्सा नीट समजून घ्या. फेडच्या अटलांटा शाखेचं जीडीपीनाऊ नावाचं मॉडेल आहे, नवीन आकडा आला की चालू तिमाहीचा अंदाज बदलतं. फेब्रुवारीच्या शेवटी ते २.३ टक्के वाढ दाखवत होतं, २८ तारखेला एकदम उणे १.५ झालं आणि ३ मार्चला उणे २.८. हाहाकार. झालं काय होतं, तर आयात शुल्क लागणार या भीतीने अमेरिकेत मालाबरोबर सोन्याचे ढीग येत होते. न्यूयॉर्कमध्ये भाव लंडनपेक्षा चढा झाला, मग लंडनच्या तिजोऱ्यांतल्या ४०० औंसाच्या विटा स्वित्झर्लंडला नेऊन, वितळवून, एक किलोच्या करून विमानाने न्यूयॉर्कला, कारण तिथे छोट्या विटा चालतात.

जीडीपीच्या हिशोबात आयात वजा होते. पण गुंतवणुकीसाठी आणलेलं सोनं जीडीपी मोजणारे त्या आयातीत धरतच नाहीत. मॉडेल मात्र व्यापाराचा सरसकट आकडा गिळत होतं, त्यामुळे विमानातून उतरलेली प्रत्येक वीट त्याला मंदी वाटत होती. नंतर त्यांनी सोनं वगळून वेगळा अंदाज द्यायला सुरुवात केली. ३० एप्रिलला खरा पहिला आकडा आला तो उणे ०.३, तोही मुख्यतः बाकीच्या मालाच्या आयातीमुळे. तेव्हा कुठलाही अंदाज अचानक तीन-चार टक्क्यांनी हलला की आधी त्याचे तुकडे करा, कुठला एक तुकडा हलला ते शोधा, आणि तो खरोखर कुणाच्या कारखान्यात किंवा खिशात काही बदल दाखवतो का ते विचारा.

त्याच एप्रिलमध्ये ट्रम्पसाहेबांचे टॅरिफ आले, आणि जागतिक व्यापार संघटनेने २०२५ मध्ये मालाचा व्यापार ०.२ टक्के घटेल म्हटलं. ऑगस्टमध्ये तेच म्हणाले ०.९ टक्के वाढेल, ऑक्टोबरात २.४. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे, पण चूक कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. शुल्क लागणार हे कळल्यावर लोक गप्प बसत नाहीत, आधीच माल भरून ठेवतात, तिसऱ्या देशातून वळवतात, सरकारं वाटाघाटी करतात, आणि त्याच वर्षी एआयसाठी लागणाऱ्या चिप-सर्व्हरचा व्यापार उसळला ज्याचा टॅरिफशी संबंधच नव्हता. माझाही अंदाज तेव्हा घटीचाच होता, मी "शुल्क लागलं म्हणजे व्यापार घटला" एवढंच एका ओळीत लिहिलं होतं. आता मी प्रत्येक धक्क्याखाली अजून एक ओळ लिहितो: ज्याला हा त्रास होणार तो उद्या सकाळी काय करेल?

एक आकडा नको, पट्टा द्या आणि हिशोब ठेवा

बँक ऑफ इंग्लंडने १९९६ मध्ये महागाईचा अंदाज पंख्यासारखा काढायला सुरुवात केली, जितकं पुढे जाल तितका पट्टा रुंद. आपणही तसंच करायचं. वाढ ३ टक्के असं न लिहिता, २.६ ते ३.४ च्या आत असायची शक्यता ७० टक्के, असं. आणि त्या पट्ट्याच्या बाहेर जायचं तर काय घडावं लागेल हे शेजारी लिहायचं.

मग येतो मार्क देण्याचा भाग, जो कुणालाच आवडत नाही. ब्रायर स्कोअर म्हणून साधी पद्धत आहे. तुम्ही दिलेली शक्यता दशांशात लिहा, घटना घडली तर १ आणि नाही तर ०, दोघांतला फरक काढून त्याचा वर्ग करा. शून्याच्या जवळ म्हणजे छान. २०२२ च्या शेवटी मी अमेरिकेत २०२३ मध्ये मंदी येण्याची शक्यता ७० टक्के लिहिली होती, सगळेच म्हणत होते, यील्ड कर्व्ह उलटा, व्याजदर चढे. आली नाही. ०.७ वजा ०, वर्ग ०.४९. नुसतं ५० टक्के लिहून झोपलो असतो तरी ०.२५ आले असते, म्हणजे एवढा अभ्यास करून मी नाणं उडवणाऱ्यापेक्षा दुप्पट वाईट ठरलो. वीसेक नोंदी झाल्या की सरासरी काढा, एकदोन नोंदींवरून काहीच कळत नाही.

अंदाज बदलायचा तर बदला, पण जुना खोडू नका, खाली तारीख टाकून नवीन लिहा आणि कशामुळे बदलला ते एका वाक्यात लिहा. आणि कुठल्या वेळचा आकडा धरणार ते आधीच ठरवा, पहिला जाहीर झालेला की नंतर सुधारलेला. मी जुलै २०२२ मध्ये लिहिलं होतं की अमेरिकेचा दुसऱ्या तिमाहीचा जीडीपी शून्याच्या वर येईल, शक्यता ६० टक्के. २८ जुलैला आला उणे ०.९, मी फुली मारली, ०.३६ लिहिले आणि पुढे गेलो. सप्टेंबर २०२४ मध्ये मागच्या काही वर्षांचे आकडे सुधारून आले, त्यात तीच तिमाही अधिक ०.३ झाली. आता ही नोंद बरोबर की चूक? मी कुठला आकडा धरणार ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे फुली तशीच आहे, शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.